डब्यातल्या गोळ्या

छोटी बोलता बोलता थांबली. गप्प बसली असं नाही. वाक्याच्या मधोमध, "त्या कोपऱ्यावरच्या बाईंचा मुलगा आहे ना, तो काल" इथवर येऊन तिचा आवाज संपला. कप ओठांपासून चार बोटं अलीकडे राहिला आणि डोळे माझ्या खांद्यावरून खिडकीकडे लागले. खिडकीत काही नव्हतं. मी मोजलं. मोजायचं असं ठरवून नाही मोजलं, माझ्या डोक्यात ते आपोआप सुरू होतं, जिना चढतानाही होतं. चार, पाच, सहा. सातव्या सेकंदाला तिने ओठ चाटल्यासारखे केले, "चालायला लागला," म्हणाली आणि चहा प्यायली. मधे काही झालंय हे तिच्या गावीही नव्हतं, निदान मला तसं वाटलं. मी "अरे वा" म्हणालो आणि बिस्किटाचा पुडा उगाच दुमडून बंद केला.

छोटी माझी धाकटी बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, आता सव्वीस पुरी झाली, तरी नाव छोटीच राहिलं. चौदाव्या वर्षी तिला पहिली फिट आली, शाळेत, फळ्यासमोर, हातात खडू असताना. तेव्हापासून गोळी. आई होती तोवर आई द्यायची, आई गेल्यावर मी. जाण्याआधी आईने दवाखान्यात माझं मनगट धरून "तिची गोळी तुझ्याकडे" एवढंच सांगितलं. तिचं लग्न नाही, शिक्षण नाही, गोळी. मला तेव्हा रागच आला होता, माझ्यासाठी काहीच कसं नाही म्हणून. पण काम मी उचललं, आणि एकदा उचललेलं काम मी खाली ठेवत नाही, हा माझा गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा. सकाळी एक, संध्याकाळी एक. गेल्या चार वर्षांत आणि वर दोन महिन्यांत एकही फिट नाही. त्या जोरावर ती सहा महिन्यांपासून एका पाळणाघरात कामाला जाते. तिसऱ्या मजल्यावर आहे ते, आणि जिना अरुंद. सहा महिन्यांची, आठ महिन्यांची मुलं ती कडेवर घेऊन वर नेते, आंघोळ घालते, पाळण्यात ठेवते. सात सेकंद कप हवेत राहिला तर काही बिघडत नाही. कपाच्या जागी मूल असतं तर, हा विचार मी त्या क्षणी पुरा केला नाही. तो अर्धाच ठेवून उठलो.

उठून मी माझ्या कपाटाकडे गेलो. गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात असतो, कुलपात. हे कोणाला सांगितलं तर विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. एकोणिसाव्या वर्षी छोटीने गोळ्या टाकून द्यायला सुरुवात केली होती. गोळीने झोप येते, डोकं जड होतं, मैत्रिणी हसतात. ती पट्टीतून रोज एक गोळी काढायची आणि खिडकीतून खाली भिरकावायची. मी रोज रात्री पट्टी तपासायचो आणि रिकामे खळगे बघून निश्चिंत व्हायचो. मग एक दिवस ती जिन्यात पडली. मनगट मोडलं, कपाळाला पाच टाके. खिडकीखालच्या पन्हाळीत मला एकवीस गोळ्या सापडल्या, उन्हाने पिवळ्या पडलेल्या. तेव्हापासून पट्ट्या घरातून हद्दपार झाल्या. तीन महिन्यांच्या गोळ्या मी एकदम आणतो, एका बैठकीत सगळ्या पट्ट्यांतून काढतो, घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो, आणि रोज दोन बशीत मांडतो. सकाळची माझ्यासमोर गिळायची. संध्याकाळचीही. सुरुवातीला ती गिळून झाल्यावर जीभ बाहेर काढून दाखवायची, मला खिजवायला. नंतर तेही बंद झालं. अधूनमधून म्हणायची, "दादा, आता तरी पट्टी दे ना माझी मला." मी म्हणायचो, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

बशीत सकाळची गोळी मांडलेली होती. मी ती उचलली. बोटांत धरली आणि का कोण जाणे, नखाने दाबून पाहिली. ही गोळी जरा भुसभुशीत असते, नख लावलं की कडेची पूड निघते. हिची निघाली नाही. डब्यातली दुसरी काढून टेबलावर सोडली तर टक्क असा बारीक, कोरडा आवाज आला. मी काम करतो त्या औषधाच्या कारखान्यात प्रत्येक घाण्यातला, म्हणजे एका वेळी बनलेल्या गोळ्यांतला, थोडा माल जसाच्या तसा, सीलबंद, बाजूला ठेवलेला असतो. पुढे काही तक्रार आली तर ताडून बघता यावं म्हणून. ती सवय मी घरीही लावून घेतली आहे. प्रत्येक वेळी एक पट्टी न फोडता मागे ठेवतो, नमुन्याची. त्या पट्टीतून एक गोळी काढून मी बशीत ठेवली आणि डब्यातल्या चार गोळ्या रुमालात बांधून पट्टीसकट खिशात टाकल्या. छोटी आली, बशीतली गोळी माझ्यासमोर गिळली, "येते" म्हणाली. जिन्यावरून तिची पावलं खाली जाताना मी ऐकत राहिलो. तिला थांबवावं असं मला वाटलं होतं. पण थांबवून सांगणार काय? कारण द्यायला हवं होतं, आणि माझ्याकडे कारण नव्हतं. नुसती शंका होती.

मी गोळ्या विरघळवतो. कोणी विचारलं की तुम्ही काय काम करता, तर मी असंच सांगतो आणि लोक हसतात. औषधाच्या कारखान्यात तपासणीची प्रयोगशाळा असते, तिथे एका लांब टेबलावर माझं यंत्र आहे. गोल बुडाची सहा काचेची भांडी एका गरम पाण्याच्या टाकीत बसवलेली. प्रत्येकात अंगाच्या उबेइतकं कोमट पाणी आणि एक वल्हं, मिनिटाला ठरल्या फेऱ्यांनी फिरणारं. भांडं म्हणजे पोट. सहा गोळ्या सहा पोटांत सोडायच्या आणि ठरल्या मिनिटाला थोडं थोडं पाणी काढून पाहायचं, किती औषध उतरलं ते. गोळी गिळली की झालं असं लोकांना वाटतं. गिळून काही होत नाही. ती आत फुटली पाहिजे, विरघळली पाहिजे, आणि वेळेत विरघळली पाहिजे. नाहीतर ती जशी गेली तशी बाहेर येते, आणि माणूस औषध घेतलंय या भरवशावर जिना चढत राहतो. सोळा वर्षं मी हे करतोय. मला या कामाचा अभिमान आहे हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण आहे. छोटी घेते ती गोळी आमच्याच कारखान्यात होते. ती गोळी सुरू करताना मी डॉक्टरांनाच सांगितलं होतं, ही मी माझ्या डोळ्यांनी विरघळताना पाहिलीय.

त्या सकाळी मी नोंदवहीत "यंत्र तपासणी" असं लिहिलं. खोटं लिहिण्याची ती माझी पहिली वेळ. अक्षर नेहमीसारखंच आलं याचं मला नवल वाटलं. तीन भांड्यांत डब्यातल्या तीन, तीन भांड्यांत पट्टीतल्या तीन. असली तीन-तीनची चाचणी कुठल्याच पुस्तकात बसत नाही. मला ती बसवायचीही नव्हती. सहाही एकदम सोडल्या. पट्टीतल्या गोळ्या बुडाला टेकल्या, फुगल्या, कडा सुटल्या, आणि चौथ्या मिनिटाला तिथे गोळी नव्हती, वल्ह्याखाली एक पांढरा ढग गरगरत होता. शेजारच्या तीन भांड्यांत पाणी स्वच्छ. तळाला शर्टाची बटणं पडावीत तशा तीन गोळ्या पडलेल्या. वल्हं फिरलं की किंचित हलायच्या, पुन्हा तिथेच. मी वाकून पाहत होतो. टाकीच्या उबेने काचेवर वाफ धरत होती आणि मी ती बाहीने पुसत होतो. दहा मिनिटं. पंधरा. मला त्या भांड्यांत छोटीचं पोट दिसत नव्हतं, असलं काही मला दिसत नाही. मला फक्त हे दिसत होतं की काही दिवस, किंवा काही आठवडे, मी रोज दोनदा तिच्यासमोर उभा राहून तिला खडे गिळायला लावलेत आणि घसा हललेला बघून समाधानाने वळलोय.

इतका वेळ मी मनाशी आमच्या घाण्यावर संशय घेत होतो. घाणा बिघडला असेल तर तो साहेबांचा, कारखान्याचा, आणखी दहा सह्यांचा दोष. त्यात माझा वाटा फार तर एका सहीपुरता. पण घाणा तोच होता. पट्टीतली विरघळत होती आणि डब्यातली नाही, म्हणजे जे काही झालं ते माझ्या कपाटात झालं. दमटपणा, मला लगेच कळलं. या गोळीला ओल लागली की ती ओल आत घेऊन घट्ट होते, हे मी नव्या माणसांना शिकवतो. पण डबा घट्ट झाकणाचा होता. रबरी कडेचा, बघून आणलेला. शिवाय यंदा तर मी त्यात पुड्या टाकल्या होत्या. औषधाच्या बाटलीत असते ना, ओल शोषून घेणारी छोटी पांढरी पुडी, त्या. पाच पुड्या. एक पुरली असती, मी पाच टाकल्या होत्या.

तेवढ्यात चेंबरवाले काका ट्रे घेऊन आले. काकांचं खातं माझ्या शेजारीच. तिथे माणूस उभा राहील एवढाली कपाटं आहेत आणि प्रत्येक कपाटात एक कायमचा ऋतू. एकात नेहमीची हवा, एकात चाळीस अंश उकाडा आणि पंच्याहत्तर टक्के दमटपणा. बाजारात दोन वर्षांत गोळीचं जे होईल ते तिथे सहा महिन्यांत दिसतं. काका पुढच्या वर्षी निवृत्त होणार, आणि ते झाल्यावर स्वतःला कुठल्या कपाटात ठेवणार यावर रोज एक विनोद करतात. त्यांनी माझ्या भांड्यांत डोकावून पाहिलं.

"हे काय, बटणं शिजवताय का आज?"

"काका," मी म्हणालो, "मागे मी तुमच्याकडून पुड्या नेल्या होत्या. फोडलेल्या बाटल्यांतल्या. त्या कुठल्या कपाटातल्या होत्या?"

"त्या? चाळिसातल्या. सहा महिने पुरे झाले होते ना, बाटल्या मोडीत काढत होतो. तुम्हीच म्हणालात, वाया कशाला घालवायच्या." काकांनी ट्रे खाली ठेवला. "काय केलंत त्यांचं? बुटांत घातल्यात की काय?"

मी पुन्हा भांड्यांत पाहिलं.

"नाही म्हटलं, बुटांत घातल्या असतील तर काढा. त्या सहा महिने दमट हवेत बसून पाणी पिऊन तट्ट झालेल्या असतात. ओल शोषणं सोडा, उलट तीच सोडतील." ते हसले, मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "बरं नाही का तुम्हाला? बसा पाहू जरा."

मी बसलो नाही. तिसाव्या मिनिटाचं पाणी काढायचं होतं, ते काढलं. मग पंचेचाळिसाव्याचं, मग साठाव्याचं. या इमारतीत मला सोडून दुसऱ्या कुणालाही ही चूक करता आली नसती, हे मला त्या तासात पुन्हा पुन्हा वाटत राहिलं. साधा माणूस गोळ्या पट्टीत ठेवतो आणि पट्टी कुठेतरी ठेवून विसरतो. साध्या माणसाला पुड्यांचं प्रेम नसतं. मी घट्ट झाकणाच्या डब्यात पाच ओल्या पुड्या घालून झाकण आवळून लावलं होतं. म्हणजे मी घरी एक चेंबर तयार केलं होतं, काकांच्यापेक्षा लहान, कुलूप लावलेलं, आणि त्यात बहिणीचं औषध अडीच महिने टिकतं का ते पाहत होतो. साठ मिनिटांचे आकडे आले. पट्टीतल्या तिन्ही नव्वदच्या वर. डब्यातल्या एकतीस, अठ्ठावीस, चौतीस. मी तळातून एक बाहेर काढली. वरून बुळबुळीत, आत अजून कोरडी.

आणि मग, हे लपवण्यात अर्थ नाही, मला सुटल्यासारखं वाटलं. कारण उपाय सोपा होता. संध्याकाळी घरी जायचं, डबा रिकामा करायचा, पुड्या फेकायच्या, नव्या पट्ट्या आणायच्या. बशीत गोळी दिसायला तीच. छोटीला कळायचं काही कारण नाही. आठ-पंधरा दिवसांत तिचं ते थांबणं थांबेल आणि चार वर्षं दोन महिने पुढे मोजता येतील. तिला सांगितलं तर ती काय म्हणेल? ती फारसं काही म्हणणार नाही, तो तिचा स्वभाव नाही. ती फक्त हात पुढे करेल आणि म्हणेल, पट्टी दे. आणि मला द्यावी लागेल. आईने दिलेलं काम, जिन्यातलं ते रक्त, रोजची बशी, सगळं त्या एका हातावर ठेवून मी मोकळा होईन, आणि मोकळा होऊन काय करेन हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरात दुसरं कोणी नाही. मी लग्न केलं नाही, त्याचं कारण लोक छोटी समजतात आणि मी तसं समजू देतो.

प्रयोगशाळेत फोन नेता येत नाही, तो बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो. कोट काढून मी तिकडे गेलो. फोनवर कुणाचा काही निरोप नव्हता. फक्त आवाज ऐकू, असं ठरवून मी तिला फोन लावला.

"हं, दादा. या वेळेला कसा?"

"सहज."

"तू आणि सहज." तिच्या मागे एक मूल किरकिरत होतं. "बरं झालं केलास. संध्याकाळी सांगणारच होते, पण फोनवर सोपं पडतं. ओरडू नकोस."

"मी कधी ओरडतो?"

"ओरडत नाहीस, मोजतोस. ते जास्त वाईट." मग ती थोडं हळू बोलू लागली. "मला तीन आठवडे परत ते होतंय. मधेच कोरं होणं. आज चहा पितानाही झालं, हो ना? मला तेव्हा कळलं नाही, तू अरे वा म्हणालास तेव्हा कळलं. कुणाचं पोर चालायला लागलं तर तू कधी अरे वा म्हणतोस का?"

मी भिंतीला टेकलो. "आणि तिथे मुलं..."

"मुलं मी उचलत नाही. इथल्या बाईंना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, तू नको म्हणाला होतास तरी. तीन आठवडे मी खाली सतरंजीवर बसूनच खेळवते, उचलाउचल बाई करतात. ऐक पुढे. शुक्रवारी मी डॉक्टरांकडे जाऊन आले. एकटी. त्यांनी गोळी दुप्पट केली, दोन्ही वेळेला. एक तू ठेवतोस ती, आणि वरची एक मी माझी घेते, पर्समधली. दुकानातून पट्टी आणलीय." ती हसली. "पट्टीतूनही गोळी निघते, दादा. आज मात्र जरा गरगरतंय. एका घड्याळाची दोन दिसतायत. बहुतेक वाढवल्यामुळे असेल."

शुक्रवारपासून कालपर्यंत तिने माझी एक आणि तिची एक अशा घेतल्या होत्या. त्यातली माझी म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा, आणि इतक्या आठवड्यांची तूट भरून निघायला तेवढे दिवस पुरे नव्हते. आज सकाळी पहिल्यांदा दोन्ही पुऱ्या होत्या, कारण आजची मी बदलली होती. आणि ज्याला मी उपाय म्हणत होतो त्याप्रमाणे संध्याकाळीही दोन पुऱ्या गेल्या असत्या, उद्याही, परवाही, आणि ती भिंत धरून चालायला लागली असती तरी मी समोर उभा राहून तिचा घसा बघितला असता.

"छोटे, ऐक," मी म्हणालो. "डब्यातल्या गोळ्या बिघडल्या होत्या. माझ्यामुळे. मी त्यात ओल्या पुड्या ठेवल्या. तुझं परत सुरू झालं ते त्यामुळे. आजची गोळी मात्र चांगली होती, मी बदलली. म्हणून गरगरतंय."

"किती दिवस?"

"अडीच महिने."

"आणि तुला कधी कळलं?"

"आत्ता. तपासून पाहिलं. सकाळी शंका आली होती."

"सकाळी." ती सावकाश म्हणाली. "म्हणजे मी जिना उतरले, बसमध्ये उभी राहून इथे आले, तेव्हा तुला शंका होती. मग बोलला का नाहीस?"

"निकाल आला नव्हता," मी म्हणालो. हे वाक्य मी साहेबांना, पाहुण्यांना, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना हजार वेळा ऐकवलं असेल, आणि ते नेहमी खरंच असायचं. आत्ताही होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मूल आता मोठ्याने रडत होतं. मग तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, "संध्याकाळी किती घेऊ? एक, दोन, की एकही नको? एवढं सांग."

मिलिग्रॅम, तास, टक्के, सगळं डोक्यात होतं, पण तिच्या अंगात या घडीला किती औषध आहे ते कुठल्याच आकड्यातून निघत नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"बरं. मग फोन ठेव. मी डॉक्टरांना विचारते."

"बाईंना जवळ बसव. एकटी जिना उतरू नकोस," मी म्हणालो, पण तोवर फोन बंद झाला होता. थोडं थांबून मी पुन्हा लावला. पूर्ण वाजला. पुन्हा लावला. डॉक्टरांशी बोलत असेल, असं मी स्वतःला समजावलं, पण बोलत असती तर तो असा वाजत राहिला नसता. समोरच्या दारातून काका मला खुणेने काहीतरी विचारत होते. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि चौथ्यांदा लावला. ती रागावली असू दे, माझं नाव बघून मुद्दामच फोन उचलत नसू दे, एवढंच मी मागत राहिलो.